शिक्षकाचा स्वाध्याय

शिकविणारानें स्वतः शिकत राहावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत सत्य, तप, अग्निहोत्र, अतिथिसेवा अशीं गृहस्थाचीं एकेक कर्तव्यें सांगत असतां प्रत्येकाबरोबर स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी पुनः पुनः उच्चारिली आहे. स्वाध्याय म्हणजे आपण शिकणें, आणि प्रवचन म्हणजे दुसऱ्यास शिकविणें. ऋषींनीं ह्या दोहोंची ताटातूट केली नव्हती. ती अलीकडच्या काळांत झाली. शिक्षकाची नेमणूक कायम झाली, कीं त्याचा स्वाध्याय आटोपला आणि निवृत्तीपर्यंत प्रवचन तेवढें शिल्लक राहिलें, असें समाज मानतो. आणि पुष्कळदां शिक्षकही तसेंच मानतो.

हा विषय आज घेण्यास कारण एका वाचक-भगिनीचें पत्र होय. ह्या बाई हिंगोली जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहेत. नोकरीस बारा वर्षें होऊन गेलीं. ऑनलाइन शिक्षण हाच विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करावा, आणि तोही नोकरी न सोडतां, घरीं राहून करावा, असा त्यांचा मनोदय आहे. प्रवेशाच्या अर्जासोबत आपलीं उद्दिष्टें एका पृष्ठांत लिहून द्यावयाचीं आहेत, आणि तेथेंच त्यांची लेखणी अडली आहे. “वेतनश्रेणीसाठीं शिकतें असें लिहावें तर लाज वाटते, आणि राष्ट्राच्या उद्धारासाठीं शिकतें असें लिहावें तर तें खोटें वाटतें,” असें त्या लिहितात. घरांतील वडील मंडळींचा प्रश्न त्याहून सरळ आहे. नोकरी आहे, पगार आहे, मुलें मार्गीं लागत आहेत; मग आतां रात्रीं जागून हा खटाटोप कशासाठीं? आमच्या मतें बाईंचा प्रश्न आणि वडील मंडळींचा प्रश्न हे मूळांत एकच आहेत, आणि त्यांचें उत्तर अनेक घरांस उपयोगीं पडण्याजोगें आहे.

प्रथम हा जिल्हा कसा आहे तें पाहूं. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढलेला, हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत आणि औंढा नागनाथ ह्या पांच तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता, आणि त्या राज्यांत १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. येथील मराठी मुलास त्या विद्यापीठांत उच्च शिक्षण घ्यावयाचें तर त्यानें गांव सोडावयाचें, आणि गांवाबरोबर शिक्षणापुरती आपली भाषाही सोडावयाची, असा तो व्यवहार होता. त्या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परगा आणि अंबेजोगाई येथील शाळांतून त्यांनीं मुलें घडविलीं, आणि पुढें त्याच मुलांतून कार्यकर्ते निघाले, हें ह्या प्रसंगीं आठवण्याजोगें आहे. १९५८ सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. १९९४ सालीं नांदेडास स्वामीजींच्याच नांवाचें विद्यापीठ झालें, आणि हिंगोलीचीं महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. विद्यापीठ असें हैदराबादेहून औरंगाबादेस, आणि औरंगाबादेहून नांदेडास, टप्प्याटप्प्यानें हिंगोलीच्या जवळ येत गेलें. आतां तें घराच्या माजघरांत येऊं पाहत आहे.

माजघरांत बसून पदवी मिळविणें ही गोष्टही कालची नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच बाहेरच्या विद्यार्थ्यांस आपल्या परीक्षांचीं दारें उघडलीं. इंग्लंडांतील मुक्त विद्यापीठास १९६९ सालीं सनद मिळाली, व १९७१ च्या जानेवारींत त्याचे पहिले विद्यार्थी शिकूं लागले. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालानें शिकविण्याचा क्रम सुरू केला. १९८२ सालीं आंध्र प्रदेशांत पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉ. राम ताकवले हे त्यापूर्वीं पुणें विद्यापीठाचे कुलगुरु होते, आणि पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. ज्ञानगंगा घरोघरीं न्यावी, हें ब्रीद नाशिकनें घेतलें, आणि महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या कितीतरी गृहिणींनीं, पोलिस शिपायांनीं व कामगारांनीं तेथून पदव्या मिळविल्या.

त्यानंतरचा टप्पा तारांचा आणि पडद्यांचा. २०१७ च्या जुलैंत केंद्र सरकारनें ‘स्वयं’ हें ऑनलाइन शिक्षणाचें व्यासपीठ उघडलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें सप्टेंबर २०२० मध्यें दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रमांचे एकत्रित नियम केले, आणि मान्यताप्राप्त संस्थेनें अशा पद्धतीनें दिलेली पदवी नेहमींच्या पदवीच्या तोडीची समजावी, असें २०२२ सालीं स्पष्ट केलें. घरीं बसून मिळविलेली पदवी कमी प्रतीची, ही जुनी समजूत कायद्यापुरती तरी निकालांत निघाली. मात्र येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मान्यता असते ती विशिष्ट संस्थेच्या विशिष्ट शिक्षणक्रमास आणि विशिष्ट वर्षापुरती. आयोगाच्या यादींत आपला शिक्षणक्रम त्या वर्षीं आहे कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज एक रुपयाही भरूं नये. जाहिरातींतील सुटाबुटांतील हसऱ्या मुलांवर भरंवसा ठेवण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ऑनलाइन पद्धतीनें शिकणें ही एक गोष्ट, आणि ऑनलाइन शिक्षण कसें द्यावें हें शिकणें ही दुसरी. पुष्कळ अर्जदारांच्या मनांत ह्यांची गल्लत होते. पहिलीं पद्धत हें साधन आहे. दुसरा विषय हें शास्त्र आहे. आमच्या पत्रलेखिकेस दोन्ही एकदम करावयाचीं आहेत, आणि त्यांत एक फायदा आहे. ज्या औषधाचे गुणदोष अभ्यासावयाचे, तेंच औषध त्या स्वतः दोन वर्षें घेणार आहेत. रोगी आणि वैद्य अशा दोन्ही बाजूंनीं पाहण्याची संधि सहसा मिळत नाहीं.

वेतनश्रेणीविषयीं लाज बाळगण्याचें आम्हांस कांहींच कारण दिसत नाहीं. महाराष्ट्रांत शिक्षकास बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी अशी व्यवस्था आहे, आणि तिला प्रशिक्षणाची अट जोडलेली आहे. संसार करणाऱ्या माणसानें पगारवाढीची इच्छा धरणें ह्यांत कसलेंही पाप नाहीं. परंतु पगारवाढ हें फळ आहे. त्याला उद्दिष्ट म्हणतां येत नाहीं, कारण प्रमाणपत्र हातीं पडतांच तें संपतें, आणि त्यानंतर सोमवारीं सकाळीं वर्गांत काय वेगळें करावें हें तें सांगत नाहीं. जें उद्दिष्ट सोमवारच्या सकाळपर्यंत टिकतें, तेंच अर्जांत लिहावें.

असें पहिलें उद्दिष्ट शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. शिक्षक स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होऊन चुकले आहेत. २०२० सालीं ‘निष्ठा’ ह्या राष्ट्रीय प्रशिक्षणाचे प्राथमिक शिक्षकांसाठींचे अठरा पाठ ‘दीक्षा’ ह्या व्यासपीठावर आले. २०२२ सालीं वरिष्ठ व निवड श्रेणीचें प्रशिक्षणही ऑनलाइन झालें. कित्येकांनीं तें मन लावून केलें. पण फोनवर चित्रफीत चालू ठेवून दुसरीकडे भाजी निवडणें, आणि शेवटच्या प्रश्नांचीं उत्तरें शेजारच्या शाळेंतून मागविणें, हा प्रकारही सर्वांच्या परिचयाचा आहे. ह्यांत शिक्षक आळशी होते असें आम्ही म्हणत नाहीं. वयानें प्रौढ, पगार घेणारीं, शिक्षणाचें महत्त्व जाणणारीं माणसें जर पडद्यासमोर अशीं वागतात, तर तिसरींतलें मूल कसें वागेल? बाईंनीं हाच प्रश्न आपल्या अभ्यासाच्या केंद्रस्थानीं ठेवावा. पडद्यावर धडा दिसणें आणि धडा समजणें ह्यांच्यामध्यें काय घडावें लागतें, हें जाणून घेणें, हें पहिलें उद्दिष्ट.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां ह्या प्रश्नाची परीक्षा साऱ्या देशानें दिली. शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू राहावें म्हणून शासनानें मोहीम काढली. त्याच वर्षींच्या जुलैंत दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मुलांसाठींची मालिका लागली, आणि तिच्यांत घरांतील वस्तू व माणसें ह्यांच्या आधारें शिकण्यावर भर दिला होता. खेड्यांतील अडचण मात्र वेगळीच होती. घरांत फोन एक, तो बापाच्या खिशांत, आणि बाप शेतावर. आज ती अडचण बरीच ओसरली आहे. ‘असर’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या २०२४ च्या ग्रामीण पाहणींत, चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकीं ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरतां येतो असें आढळलें. पण त्या मुलांपैकीं आदल्या आठवड्यांत अभ्यासाच्या कांहीं कामासाठीं तो वापरलेलीं ५७ टक्के होतीं, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरलेलीं ७६ टक्के. म्हणजे यंत्र घरीं पोचलें. त्यामागून शिक्षण पोचलेंच असें नाहीं.

ह्या शास्त्रांतील जाणत्यांनींही हेंच निरनिराळ्या वाटांनीं सांगितलें आहे. अमेरिकेंतील रिचर्ड क्लार्क ह्यांनीं १९८३ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं माध्यम ही निवळ वाहतुकीची गाडी होय. धान्य कोणत्या गाडींतून आलें ह्यावर जसें खाणाराचें पोषण ठरत नाहीं, तसें धडा कोणत्या यंत्रांतून आला ह्यावर शिकणें ठरत नाहीं. त्यांच्याशीं वाद घालणारे पुष्कळ निघाले, आणि तो वाद बाईंच्या अभ्यासक्रमांत त्यांस भेटेलच. मायकेल मूर ह्यांनीं दूरशिक्षणांतील ‘दूर’ ह्या शब्दाचाच अर्थ बदलला. त्यांच्या मतें अंतर मैलांचें नसतें. गुरु आणि शिष्य ह्यांच्यांत संवाद किती होतो, आणि पाठाची रचना किती ताठर आहे, ह्यावर तें ठरतें. आपल्या जुन्या पाठशाळांतील संथेची पद्धत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें लगेच पटेल. गुरूनें ऋचा म्हटली, शिष्यानें दोनदां म्हटली, स्वर चुकतांच गुरूची मान हलली. चूक आणि दुरुस्ती ह्यांत एका श्वासाचें अंतर. ऑनलाइन शिक्षणांत तें अंतर कधीं आठवड्याचें होतें, आणि कधीं दुरुस्ती येतच नाहीं.

त्याचा परिणामही दिसला आहे. सर्वांस खुले असे प्रचंड ऑनलाइन वर्ग २०१२ च्या सुमारास अमेरिकेंत गाजूं लागले, तेव्हां विद्यापीठांच्या इमारती आतां ओस पडणार अशीं भाकितें झालीं. हार्वर्ड आणि एम.आय.टी. ह्या दोन संस्थांच्या अशा वर्गांचा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नांव नोंदविणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक वर्गांत एकदांही शिरले नाहींत, आणि २०१७-१८ मध्यें शेवटपर्यंत पोचणारे शंभरांत तीनांच्या आसपास होते, असें दिसून आलें. ह्याच्या उलट, समोरासमोरचें शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण ह्यांची नीट सांगड घातली तर निव्वळ वर्गांतील शिक्षणापेक्षां फळ अधिक येतें, असा कौल अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांतून निघाला. आणि त्या परीक्षणानेंही श्रेय यंत्रास न देतां वाढीव वेळ व वाढीव साहित्य ह्यांकडे बोट दाखविलें.

वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या मुलखांतील कोणीही शेतकरी सांगेल, कीं हळद जमिनींतून काढली म्हणजे ती बाजारांत नेण्याजोगी होत नाहीं. ती शिजवावी लागते, उन्हांत वाळवावी लागते, आणि घासून चकचकीत करावी लागते. महाजालावरील माहितीचें असेंच आहे. ती शेतांतून निघालेल्या ओल्या कांद्यांसारखी ढिगांनीं पडली आहे. तिचें शिजविणें आणि वाळविणें जो करतो, तो शिक्षक. हें कसब शिकणें, आणि तें मराठींत, आपल्या मुलांच्या तोंडच्या भाषेंत करूं शकणें, हें दुसरें उद्दिष्ट आम्ही सुचवूं.

मुलांच्या तोंडची भाषा असें आम्ही मुद्दाम म्हटलें. ह्या जिल्ह्यांत बंजारा तांडे आहेत. कळमनुरीकडे आंध जमातीची वस्ती आहे. गांवोगांव उर्दू बोलणारीं घरें आहेत. पाठ्यपुस्तकाची मराठी ह्यांतल्या कित्येक मुलांस दुसरी भाषा म्हणून भेटते. मुंबईपुण्यांत तयार झालेला ऑनलाइन धडा त्यांच्यापर्यंत पोचतो तो दोन अंतरें ओलांडून. आणखी एक अंतर मराठवाड्यास विशेष परिचित आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर पोरेंही जातात. शासनानें हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. तरी सर्वच मुलें मागें राहतात असें नाहीं. जें मूल नोव्हेंबरांत जातें आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतें, त्याच्यामागें त्याची शिक्षिका फोनमधून जाऊं शकेल काय? रोज दहा मिनिटें, त्याच्या ओळखीच्या आवाजांत, त्याच्याच वर्गाच्या धड्यावर? हा प्रश्न परदेशांतील ग्रंथांत सुटलेला मिळणार नाहीं. तो ह्याच भागांतील शिक्षिकेनें सोडवावयाचा आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधास ह्याहून योग्य विषय आम्हांस तरी सुचत नाहीं.

ह्याच जिल्ह्यांत दुसऱ्या टोकाचें एक चित्र उभें राहत आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांची अंतिम मंजुरी दिली. कोट्यवधि प्रकाशवर्षांवरून आलेला कंप जेथें मोजावयाचा, तेथून कांहीं कोसांवरच्या शाळेंत मुलास तो कंप म्हणजे काय हें समजावें, अशी अपेक्षा करणें अवास्तव नाहीं. त्याविषयींचें उत्तमांत उत्तम साहित्य महाजालावर फुकट आहे, पण बहुतांशीं इंग्रजींत आणि मोठ्यांसाठीं. मधली पायरी बांधणारा माणूस हवा आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांतील धड्यांस क्यू.आर. चौकटी जोडून ध्वनिफिती व चित्रफिती मुलांच्या हातीं दिल्या, आणि डिसेंबर २०२० मध्यें त्यांस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं स्पर्धेंतील इतर नऊ शिक्षकांस वांटली. पुरस्कार सर्वांस मिळत नाहींत, आणि मिळावे म्हणून काम करूंही नये. परंतु मधली पायरी खेड्यांतील शिक्षकासही बांधतां येते, एवढें त्यावरून सिद्ध झालें.

तिसरें उद्दिष्ट आम्ही थोडें धीटपणानें सांगतों. ऑनलाइन शिक्षणाचा अभ्यास त्याचा प्रचार करण्यासाठींच करावा असें नाहीं. तें कोठें चालणार नाहीं हें अधिकारवाणीनें सांगतां यावें, म्हणूनही तो करावा. २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनानें मांडला, तेव्हां खेड्यापाड्यांतून चिंता व्यक्त झाली. उद्यां कोणी असेंही सुचवील, कीं दहा मुलांसाठीं शिक्षक कशाला, एक मोठा पडदा लावला म्हणजे पुरे. त्या वेळीं निव्वळ भावनेनें केलेला विरोध टिकणार नाहीं. अमुक वयाच्या मुलास अमुक गोष्टी पडद्यावरून येतात, अमुक येत नाहींत, आणि न येण्याचीं कारणें हीं, असें आंकड्यांनिशीं आणि अनुभवानिशीं सांगणारें कोणी तरी शिक्षकांच्याच बाजूस असावें लागेल. ज्यानें शास्त्र शिकलें आहे त्याच्याच नकाराला किंमत येते.

चौथें उद्दिष्ट सहकाऱ्यांचें. केंद्रावर जी शिक्षण परिषद भरते, तींत पुष्कळदां परिपत्रकें वाचली जातात आणि चहा होतो. बाईंनीं शिकलेला एकेक मुद्दा तेथें दहा मिनिटांत मांडावा, आणि पुढच्या खेपेस तो कोणी करून पाहिला तें विचारावें. राष्ट्रीय शिक्षण धोरणानें २०२० सालीं प्रत्येक शिक्षकास वर्षाकांठीं किमान पन्नास तास स्वतःच्या विकासासाठीं मिळावेत असें म्हटलें; ते पन्नास तास वरून येणाऱ्या चित्रफितींनींच भरले पाहिजेत असा दंडक नाहीं.

आतां घरांतल्या मंडळींसाठीं. बारा वर्षें शिकविल्यावर पुनः शिष्य होणें ह्यांत कमीपणा वाटत असेल, तर त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील नर्सीकडे पाहावें. नर्सी हें नामदेवरायांचें जन्मस्थान मानलें जातें. परंपरा अशी सांगते, कीं पांडुरंगाशीं बोलण्याइतकी ज्यांची भक्ति गाजली होती, त्या नामदेवांस गोरोबाकाकांनीं थापटी मारून कच्चें मडकें ठरविलें. आणि मग नामदेव विसोबा खेचरांस शरण गेले, ते ह्याच औंढ्या नागनाथास. कीर्ति मिळाल्यावर गुरु केला, म्हणून नामदेवांची कीर्ति उणावली नाहीं. पुढें ते पंजाबांत घुमानपर्यंत गेले, आणि त्यांचीं पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आदरानें समाविष्ट झालीं. त्यांचें मोठें प्रवचन पक्कें भाजल्यानंतरचें आहे.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो उपदेशानें सुटत नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांच्या घरीं रमाबाई शिकूं लागल्या, तेव्हां घरांतील बायकांचा रोष कसा ओढवला, हें त्यांच्या आठवणींवरून आपल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलें गेलें आहे. त्या काळीं विरोध अक्षरांस होता. आज अक्षरांस कोणाचाही विरोध नाहीं; तासांस आहे. सून शिकली तर सर्वांस अभिमान वाटतो, फक्त संध्याकाळीं सात ते नऊ ती स्वयंपाकघरांत असावी अशी अपेक्षा असते. शिक्षिकेचा दिवस शाळेंत संपत नाहीं. मतदारयाद्या, सर्वेक्षणें, माहितीचे तक्ते हीं कामें घरीं येतात. त्यावर पदवीचा अभ्यास चढवावयाचा, आणि घरांतील एकही काम कमी करावयाचें नाहीं, ही व्यवस्था सहा महिन्यांपलीकडे टिकणार नाहीं. अर्धवट सुटलेला शिक्षणक्रम मग बाईंच्या नांवावर लागतो; खरें म्हणजे तो साऱ्या घराच्या नांवावर लागला पाहिजे.

म्हणून आमची वडील मंडळींस विनंती अशी, कीं घरांत जसें एखादें अनुष्ठान चालू असलें म्हणजे त्याची वेळ सर्वजण पाळतात, तशी ह्या अभ्यासाची वेळ पाळावी. आठवड्यांतील चार संध्याकाळी दीड-दीड तास, दार लोटलेलें, आणि त्या वेळचा स्वयंपाक यजमानांकडे किंवा आधींच झालेला. सासूबाईंनीं नातवंडांस जवळ घेऊन बसणें हीदेखील ह्या पदवीस लागलेली मोलाची मदत होय. आणि बाईंसही एक सूचना. जुन्या पाठशाळांतून अनध्यायाचे दिवस ठरलेले असत. प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या ह्या दिवशीं पाठ होत नसे. ऑनलाइन शिक्षणास अनध्याय नसतो. फोन रात्रीं बारालाही पाठ घेऊन उभा राहतो, आणि म्हणूनच तो पाठ कधींच होत नाहीं अशी स्थिति येते. अभ्यासाचे दिवस ठरवावे तसे न करण्याचे दिवसही ठरवावे.

मोठा शिक्षणक्रम घेण्यापूर्वीं ‘स्वयं’वरील आठ किंवा बारा आठवड्यांचा एकच पाठ घेऊन पाहावा, तेथें शिकण्यास पैसे पडत नाहींत, शुल्क पडतें तें परीक्षेचें व प्रमाणपत्राचें. तेवढ्या आठवड्यांत आपली संध्याकाळ, गांवांतील वीज आणि घरांतील शब्द, हीं तिन्ही कितपत टिकतात तें कळून येतें. मग पुढचा विचार. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें दूरशिक्षण ह्या विषयाची एम.ए. आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका चालविली आहे. नाशिकच्या विद्यापीठाचा शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर क्रम मराठींतून शिकणाऱ्यांस जवळचा आहे. प्रत्येकाचें त्या वर्षींचें माहितीपत्रक मागवावें, आणि त्यांत शिक्षकाशीं प्रत्यक्ष बोलण्याची सोय किती, गृहपाठ कोण तपासतो, किती दिवसांत परत येतो, हे तीन प्रश्न आधीं पाहावे. फी आणि पदवीचें नांव नंतर.

आणि त्या अडलेल्या पृष्ठाविषयीं. मोठे शब्द मुळींच नकोत. माझ्या वर्गांत इतकीं मुलें आहेत. त्यांपैकीं इतकीं दर वर्षीं ऊसतोडीस जातात, इतक्यांच्या घरची भाषा वेगळी आहे. टाळेबंदीच्या दोन वर्षांत कोणीं काय गमावलें तें मीं पाहिलें आहे. त्यांच्यापर्यंत धडा आणि दुरुस्ती दोन्ही कशीं पोचवावीं हें मला शिकावयाचें आहे. शिकून मीं ह्याच केंद्रांतील शिक्षकांस तें सांगणार आहें. पांच वाक्यें पुरेत. शेवटीं एक सहावें घालावयाचें असल्यास, वेतनश्रेणीचाही लाभ व्हावा अशी इच्छा आहे, असें सरळ लिहावें. प्रामाणिक माणसाचा अर्ज वाचणारास ओळखूं येतो.

मराठवाड्यांतील किंवा इतर भागांतील ज्या शिक्षक-शिक्षिकांनीं नोकरी सांभाळून असा अभ्यास पुरा केला असेल, किंवा अर्ध्यावर सोडला असेल, त्यांनीं आपला अनुभव थोडक्यांत कळवावा. सोडणारांचे अनुभव विशेष उपयोगी ठरतील. त्यांतील निवडक पुढील अंकीं देऊं.